रक्तातलं प्रोटीन नॉर्मल म्हणजे स्नायू पण ठणठणीत असतात का? आबांचा आणि पुतण्याचा रिपोर्ट

शिवाजी_पेठकर

नमस्कार मंडळी, घरात दोन रिपोर्ट एकाच आठवड्यात आलेत आणि दोन्हीवरनं घरात रोज वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय, लॅबवालं किंवा डॉक्टर कुणी असेल तर नीट समजावून सांगा.

आमचे आबा ७१ वर्षांचे, वजन ५८ किलो. तरुणपणी तालमीत होते, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या केलेला माणूस, अजून खांदे बघितले तर पैलवान वाटतोय पण मांड्या पार गळाल्यात. खुर्चीतनं उठताना दोन्ही हात टेकवायला लागतात, जोतिबाला पायऱ्या चढून वर येताना मधेच बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत, ते बघून आम्ही घाबरलो. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रिपोर्टात टोटल प्रोटीन ७.४, अल्ब्युमिन ३.२, ग्लोब्युलिन ४.२, आणि ए/जी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) ०.८ येऊन खाली बाण काढलाय.

दुसरा रिपोर्ट पुतण्याचा, वय २३. पहाटे तालीम, संध्याकाळी जिम. टोटल प्रोटीन ८.२, अल्ब्युमिन ५.१, आणि लिव्हरच्या टेस्टमधले एसजीओटी ९६, एसजीपीटी ५२, दोन्ही वर. तो खूश आहे की प्रोटीन वर आहे म्हणजे खुराक अंगाला लागतोय, आणि वहिनींनी लिव्हर गेलं म्हणून रडायला सुरुवात केलीय.

आता शेजारचे म्हणतात आबांचं टोटल नॉर्मल आहे, अंगात प्रोटीन भरपूर आहे, हे निव्वळ वय झालंय. पुतण्याच्या जिमच्या ट्रेनरनं पावडरचा डबा आणून दिलाय, म्हणतो दोन टाइम द्या, अल्ब्युमिन वाढलं की मसल परत येणार. रक्तातलं प्रोटीन आणि स्नायू यांचा खरंच असा सरळ संबंध असतो का, आणि तरुण आणि म्हाताऱ्या माणसात तो वेगळा असतो का? डबा अजून फोडलेला नाही.

---

लॅबवाला_दादा

दादा मी लॅबमध्येच काम करतो, रोज हे आकडे बघतो, त्यामुळं आधी आकड्यांचं सांगतो, उपचाराचं डॉक्टर सांगतील.

स्नायूतलं प्रोटीन आणि रक्तातलं प्रोटीन ही दोन वेगळी खाती आहेत. स्नायूत मुख्य असतात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, ते तिथंच राहतात आणि तिथंच काम करतात. रिपोर्टातलं टोटल प्रोटीन म्हणजे रक्तातल्या पाण्यात विरघळलेलं अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन मिळून झालेली बेरीज. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि ते रक्तातलं पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवतं, कॅल्शियम आणि औषधं वाहून नेतं. ग्लोब्युलिनमध्ये अँटीबॉडीज येतात. म्हणून काल अर्धा किलो मटण खाल्लं तरी आज अल्ब्युमिन वाढत नाही, आणि दंड फुगला म्हणून पण वाढत नाही.

आबांच्या रिपोर्टात टोटल बघून गप्प बसू नका. अल्ब्युमिन साधारण ३.५ ते ५ असायला पाहिजे, ते कमी आहे, आणि ग्लोब्युलिन जास्त आहे म्हणून बेरीज नॉर्मल दिसतेय. असे रिपोर्ट बऱ्याच घरात टोटल बघूनच फाइलला लागतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ए/जी रेशोचा बाण त्याचसाठी काढलेला असतो.

पुतण्याचं सॅम्पल कधी दिलं होतं? पहाटे मेहनत करून, घाम गाळून, पाणी न पिता तसाच आला असेल तर रक्त घट्ट झालेलं असतं आणि टोटल, अल्ब्युमिन दोन्ही वर दिसतात. बराच वेळ उभं राहून लगेच रक्त दिलं तरी वर येतं, पट्टा दंडाला जास्त वेळ आवळून ठेवला तरी येतं. अल्ब्युमिन ५ च्या वर दिसलं की पहिला संशय पाणी कमी असल्याचा असतो, बॉडी झाल्याचा नाही.

आणि वहिनींना सांगा रडू नका. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूत पण भरपूर असतं. जोरात व्यायाम केला की स्नायूचे धागे थोडे उसवतात आणि हे एन्झाइम रक्तात येतं. एसजीओटी वर आणि एसजीपीटी त्यामानानं कमी वाढलेलं, पोरगा २३ वर्षांचा आणि डबल मेहनतीचा, अशा वेळी सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज ही टेस्ट करायची. स्नायूची खरी बातमी रक्तातनं जर कुठली मिळत असेल तर ती सीकेमधनं मिळते, पण ती सुद्धा मोडतोडीची बातमी आहे, ताकदीची नाही. पैलवान पोरांत सीके हजारात गेलेलं मी बघितलंय. आठवडाभर जोर-बैठका, जिम सगळं बंद ठेवून, पाणी नीट पिऊन परत टेस्ट द्या आणि त्याबरोबर जीजीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या टेस्ट बघा. तेव्हा पण वर राहिलं तर मात्र डॉक्टरकडं जायचं.

---

लाल_माती

पेठकर भावा, पोराला माझा एक निरोप दे. मेहनतीनंतर लघवी चहासारखी नायतर कोकसारखी काळपट झाली, आणि मांड्या दगडासारख्या ताठून दुखायला लागल्या, तर घरी हळद-दूध पित बसायचं न्हाई, सरळ दवाखाना गाठायचा. स्नायू फुटून मायोग्लोबिन किडनीत जाऊन बसतंय आणि किडनी बंद पडती. सुट्टीनंतर तालमीत आलेली पोरं पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं बैठका मारत्यात तेव्हा हे हुतंय, उन्हाळ्यात तर जास्तच.

आणि वजनात बसायला पाणी तोडणं हा प्रकार मी आमच्या पोरांना करू देत न्हाई. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजची तीन पैलवान पोरं वजन उतरवताना गेली, रबरी सूट घालून गरम खोलीत घाम काढत होती, त्यानंतर तिथं वजनाचे नियमच बदलले. रिपोर्टात प्रोटीन वर आलंय ते त्याच्यामुळं असंल तर खूश व्हायचं काय कारण न्हाई.

आबांचं ऐकून जीव तुटला बघ. आमच्याकडं हेच होतंय, पस्तिशीत मेहनत सुटती आणि खुराक तसाच चालू ऱ्हातोय, दूध-तूप-बदाम, मग पोट सुटतंय, शुगर लागती, आणि मांड्या जात्यात. वरचं अंग बरीच वर्षं तसंच दिसतंय म्हणून घरच्यांच्या ध्यानातच येत न्हाई. आबांना परत तालमीत न्या, कुस्तीला न्हाई, नुसतं पोरांच्यात बसायला आणि खांबाला धरून अर्ध्या बैठका मारायला. आमच्या तालमीत दोन-तीन म्हातारे पैलवान येत्यात, पोरं त्यांना मान देत्यात, त्यांचं अंग पण हलतंय.

---

ताराबाई_पार्क_एमडी

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथल्या आकड्यांवरून निदान करणार नाही, तपासूनच करायचं असतं, पण विचार कसा करायचा ते जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजामुळे पेशंटचे महिनेच्या महिने पावडरीत जातात आणि मूळ आजार मागे राहतो.

अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी, हे समीकरण फार जुनं आहे आणि आता ते सोडून दिलेलं आहे. नुसती उपासमार झालेल्या तरुण माणसाचं वजन हाडापर्यंत आलं तरी अल्ब्युमिन बऱ्याचदा शेवटपर्यंत नॉर्मल राहतं. पेशंटच्या पोषणावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एस्पेन या संस्थेनं २०२१ साली छापलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय की अल्ब्युमिन हे पोषणाचं किंवा स्नायूंच्या प्रमाणाचं माप म्हणून वापरू नये, ते शरीरातल्या सूजेचं लक्षण आहे. सूज म्हणजे पायावरची नव्हे, आतली, कुठेतरी इन्फेक्शन, संधिवात, हिरड्यांचा जुना आजार, कॅन्सर अशा कारणांनी चालू असलेली. तेव्हा लिव्हर अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि सीआरपीसारखी प्रथिनं बनवायला लागतं.

मग म्हाताऱ्या माणसांत अल्ब्युमिनचा स्नायूशी संबंध दिसतो तो का? दिसतो हे खरंच आहे. पिट्सबर्ग आणि मेम्फिसमध्ये ७० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेला हेल्थ एबीसी नावाचा अभ्यास आहे, त्यात ज्यांचं अल्ब्युमिन खालच्या बाजूला होतं त्यांचे हातापायांचे स्नायू पुढच्या पाच वर्षांत जास्त घटले. नेदरलँड्समधल्या म्हाताऱ्या माणसांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आयएल-६ आणि सीआरपी, म्हणजे रक्तातल्या सूजेच्या खुणा, जास्त असलेल्यांची ताकद पण जास्त घटली. म्हणजे तीच आतली सूज एकीकडे लिव्हरला अल्ब्युमिन कमी करायला लावते आणि दुसरीकडे स्नायू झिजवते. एकाच विहिरीवरची दोन वावरं वाळली तर एका वावरामुळं दुसरं वाळलं असं आपण म्हणत नाही, विहीर बघायला जातो. बाहेरनं अल्ब्युमिनचा आकडा वाढवून स्नायू येत नाहीत ते यामुळेच.

तरुण निरोगी माणसात ही सूज नसते, लिव्हर-किडनी तंदुरुस्त असतात, त्यामुळं हडकुळ्या पोराचं आणि पैलवानाचं अल्ब्युमिन सारखंच येऊ शकतं. पुतण्याच्या ५.१ चा त्याच्या दंडाशी काही संबंध लावू नका.

आबांच्या बाबतीत मला तीन ठिकाणी बघावंसं वाटतं. एक, शुगर आहे म्हणून किडनी: लघवीतनं अल्ब्युमिन गळतंय का, त्यासाठी लघवीची एसीआर टेस्ट. दुसरं लिव्हर, सोनोग्राफीसकट. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ग्लोब्युलिन ४.२ का आहे. जुनं इन्फेक्शन, टीबी, लिव्हरचा आजार यात ते वाढतं, आणि या वयात मायलोमा नावाचा हाडातल्या मज्जेचा कॅन्सर पण डोक्यात ठेवावा लागतो. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, कॅल्शियम, आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची टेस्ट) एवढं करून घ्या. घाबरवायला सांगत नाही, बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी यातलं काही असेल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

अजून एक, मांड्या दोन्ही सारख्या बारीक झाल्यात का एकच? मधुमेहात एका मांडीत जोराची कळ मारून ती काही आठवड्यांत बारीक होण्याचा प्रकार असतो, तो नसेचा आजार आहे आणि त्याचा मार्ग वेगळा आहे. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ पण बघा. थायरॉइड आणि डी व्हिटॅमिन मी अशा पेशंटला करतोच.

---

रंकाळा_फिजिओ

एमडी सरांनी रक्ताचं सांगितलं, मी स्नायूचं सांगते, कारण ते घरी बसून बघता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

हात न टेकवता, हात छातीवर घडी घालून खुर्चीतनं पाच वेळा उठायचं-बसायचं आणि मोबाइलवर वेळ लावायची. आशियातल्या डॉक्टरांच्या सार्कोपेनिया (म्हणजे वयानं स्नायू झिजणं) गटानं २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी काम करतायत असं धरतात. आबांना हात टेकवावे लागतात म्हणजे ते आत्ताच त्यात बसतात. मग चालण्याचा वेग, सेकंदाला १ मीटरच्या खाली आला तर कमी. पोटरीचा घेर टेपनं मोजा, जिथं सगळ्यात जाड आहे तिथं, पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ पेक्षा कमी असेल तर तपासणीला जायचं. पाय सुजलेले असतील तर मात्र हा घेर फसवतो, आणि अल्ब्युमिन कमी असलेल्या माणसात पाय सुजतात, तेवढं बोट दाबून बघा खड्डा पडतो का. आमच्याकडं पकड मोजायचं यंत्र असतं, त्यात पुरुषांची २८ किलोच्या खाली आणि बायकांची १८ च्या खाली आली तर कमी धरतो.

लाल_माती यांचं बरोबर आहे, वयानं पाय आधी जातात. आणि स्नायू जेवढा बारीक होतो त्यापेक्षा ताकद जास्त वेगानं कमी होते, म्हणून वजन तेवढंच आहे यावर विश्वास ठेवू नका, स्नायूच्या जागी चरबी येऊन वजन तेच राहू शकतं.

पावडरीबद्दल १९९४ चा एक अभ्यास मी प्रत्येक घराला सांगते. बोस्टनच्या वृद्धाश्रमातले १०० अशक्त लोक, सरासरी वय ८७. काहींना वजनाचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. १० आठवड्यांनी व्यायाम केलेल्यांची पायाची ताकद दुपटीच्या वर गेली, आणि नुसतं पेय प्यायलेल्यांना ताकदीत काही फायदा झाला नाही. ८७ वय हो! मग ७१ च्या आबांना का जमणार नाही.

सुरुवात अशी करा, उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, गरज पडली तर वर उशी, आणि उठ-बस आठ-दहा वेळा, थांबून परत. जिन्याच्या कठड्याला धरून टाचा उचलणं. आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, जुन्या पैलवानांना ती सवय असते. सोपं वाटायला लागलं की उशी काढायची, मग हातात वजन घ्यायचं, कारण जड होत गेलं नाही तर स्नायू वाढत नाही. रंकाळ्याला फेरी मारतात म्हणून व्यायाम होतो असं बरेच जण सांगतात, फेरी हृदयाला आणि शुगरला चांगलीच आहे, पण मांडीचा स्नायू नुसत्या चालण्यानं परत येत नाही. शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून उपाशीपोटी नको, आणि सुरू करायच्या आधी सरांना बीपी, हृदय दाखवून घ्या.

---

कसबा_बावड्याची_सून

खाण्याचं मी लिहिते. आमच्या सासूबाईंना आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं की या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन पाहिजे, तरुणापेक्षा जास्त, कारण म्हातारपणी स्नायू प्रोटीनला लवकर दाद देत नाही. आबा ५८ किलोचे म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं पण कोल्हापुरात राहून अवघड नाही हो. दोन ग्लास म्हशीचं दूध १५ ग्रॅम, दोन अंडी १२, दोन ज्वारीच्या भाकऱ्या १२ च्या आसपास, एक वाटी मटकीची उसळ ७, पिठलं ६, मूठभर शेंगदाणे ७, झालं की ६० च्या जवळ.

पण आमच्याकडं अडचण वेगळी होती आणि मला वाटतं बहुतेक घरात तीच असते. सकाळी चहा आणि खारी, अकराला परत चहा, आणि रात्री जे काय असेल ते. दिवसभराचं प्रोटीन एकाच जेवणात. आहारतज्ज्ञांनी सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला एका वेळी २०-२५ ग्रॅम पोचलं तरच स्नायू बांधायला सुरुवात होते, म्हणून नाश्ता बदला. मी नाश्त्याला डाळीचं धिरडं आणि दही सुरू केलं, ज्या दिवशी चालतं त्या दिवशी अंडी, सोमवार-गुरुवार पनीर. कवळीमुळं मटण चावत नव्हतं तर नुसता तांबडा-पांढरा रस्सा वाढायचो आणि वाटायचं ताकद मिळतेय, पण रश्श्यात प्रोटीन फार नसतं, ते फोडीत असतं, म्हणून खिमा करायला लागले. आबांना दातांचं काही आहे का ते आधी बघा, बरेचदा माणूस खात नाही असं वाटतं आणि खरं तर चावता येत नसतं.

---

शिवाजी_पेठकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. पुतण्याचं सॅम्पल खरंच तालमीतनंच जाऊन दिलेलं, पाणी पण प्यायला नव्हता. त्याला आठवडाभर सुट्टी दिलीय, मग सीके आणि बाकीचं करतो. आबांच्या दोन्ही मांड्या सारख्याच आहेत, कळ वगैरे नाही, पण दाढा नाहीत हे खरं आणि चहाबरोबर बटर बुडवून खातात तेच पोटभर. परवाची अपॉइंटमेंट मिळालीय.

सर एकच राहिलं. क्रिएटिनिन ०.८ आलंय, ते नॉर्मल आहे असं लॅबवाल्यांनी सांगितलं, मग किडनी चांगली आहे असं धरून प्रोटीन वाढवायला चालू करू का? आणि तो डबा?

---

ताराबाई_पार्क_एमडी

थांबा, इथं परत स्नायूच मधे येतो. क्रिएटिनिन स्नायूतनं तयार होतं. स्नायू कमी असलेल्या माणसात ते मुळातच कमी बनतं, त्यामुळं किडनी थोडी बिघडली असली तरी आकडा नॉर्मल दिसू शकतो. तुमच्या पुतण्याचं उलटं होईल, त्याचं १.२-१.३ आलं तरी ते स्नायूमुळं असू शकतं. म्हणून आबांना एसीआर पाहिजेच, आणि शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट आहे, ती स्नायूवर फारशी अवलंबून नसते.

घरचं जेवण, नाश्ता बावड्याच्या ताईंनी सांगितला तसा आजपासून बदला, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. डबा मात्र लघवीचा रिपोर्ट येईपर्यंत बंदच ठेवा. किडनीचा आजार निघाला तर प्रोटीन किती द्यायचं ते वेगळं ठरवावं लागतं, कधी कमी पण करावं लागतं. सगळं ठीक निघालं आणि चावता येत नसल्यामुळं खाणं पुरत नसेल तर पावडर दुधात घालून द्यायला माझी हरकत नाही, पण त्या डब्यावर साखर किती आहे आणि आत काय काय मिसळलंय ते वाचून, डबा सोबत घेऊनच या.

एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी आणा. त्या दिवशी ताप नको आणि आदल्या दिवशी जास्त मेहनत नको, नाहीतर तात्पुरतं अल्ब्युमिन लघवीत दिसतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नुसती चिठ्ठी नको. जुने दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट असतील तर ते पण आणा, अल्ब्युमिन हळूहळू उतरलंय का अचानक, हे त्यातनंच कळेल.